थंड हवेचे ओझे कोणी वाहिले?

माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात, असा आदेश तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. स्वातंत्र्य मिळून अठ्ठ्याहत्तर वर्षे लोटली तरी एका माणसाने दुसऱ्यास गाडीत बसवून स्वतःच्या अंगबळावर डोंगर चढावा, ही गोष्ट मानवी प्रतिष्ठेस लाजिरवाणी आहे, असा त्या निकालाचा आशय. नुसती बंदी घालून न्यायालय थांबले नाही. शासनाने विजेवर चालणाऱ्या रिक्षा विकत घ्याव्यात, ज्यांनी आजवर हातरिक्षा ओढली त्यांना त्या भाड्याने द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब पुढे करू नये, असेही त्याने बजावले. प्रश्न होता अवघ्या ९४ परवानाधारक रिक्षावाल्यांचा. वृत्तपत्रांनी बातमी दिली, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

हैदराबादच्या मराठी वाचकाला माथेरान दूरचे. तिथल्या रिक्षांशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकट आहे. आपल्या जुन्या संस्थानातील आदिलाबादचे डोंगर आता सहलींच्या नकाशावर येऊ लागले आहेत. हिवाळ्यात तेलंगणातले नीचांकी तपमान अनेकदा त्याच भागात नोंदले जाते, म्हणून वृत्तपत्रे कौतुकाने त्याला तेलंगणाचे काश्मीर म्हणू लागली आहेत. जी गोष्ट सह्याद्रीच्या माथ्यावर पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडली, ती आपल्या डोंगरांत आता कोणत्या रीतीने घडावयाची, हे ठरविण्याची वेळ आली आहे. म्हणून माथेरानचा निकाल आपण आपल्याकडे तोंड करून वाचला पाहिजे.

इंग्रजी अमदानीतील गिरिस्थाने दाखविणाऱ्या सहली हल्ली फार निघतात. त्यांना वारसा-सहल असे भारदस्त नाव असते. बरोबर एक जाणकार मार्गदर्शक असतो. जुने बंगले, चर्च, बाजारपेठ, सूर्यास्ताची टोके, सारे तो क्रमाने दाखवितो. मीही अशा एका सहलीबरोबर माथेरान, पाचगणी व महाबळेश्वर पाहिले आहे. मार्गदर्शक तरुण, हुशार आणि मन लावून काम करणारा होता. सनावळ्या त्याला मुखोद्गत होत्या. लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर ही नावे घरच्या माणसांची असावीत इतक्या सहजतेने तो उच्चारी. साहेब येण्यापूर्वी येथे कोण राहत होते, असे मी विचारले, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘तेव्हा इथे जंगल होते.’ त्याचा दोष नाही. त्याला जे पाठ करावयास दिले होते, त्यात याचे उत्तर नव्हते.

पण उत्तर अवघड नाही. माथेरान या नावातच ते आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी त्या नावाची फोड सांगतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट १८५० मध्ये तेथे चढून गेले आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला, असे प्रत्येक माहितीपुस्तकात छापलेले असते. ज्या जागेला मराठी नाव आधीच आहे, जिच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकर आणि कातकरी यांचे वावरणे चालू आहे, तिचा शोध लावावयाचा म्हणजे काय? शोध लागला तो एवढाच, की येथे उन्हाळ्यात मुंबईच्या साहेबाला बरे वाटेल. डोंगर पूर्वीचाच होता. त्याच्याकडे पाहणारा नवा होता, आणि नवागतालाच लेखणी अवगत असल्यामुळे इतिहास त्याच्या येण्यापासून सुरू झाला.

महाबळेश्वराची कथा याहून बोलकी आहे. कृष्णेचा उगम आणि पंचगंगेचे देऊळ यांमुळे ते क्षेत्र कित्येक शतके यात्रेकरूंना माहीत होते. शिवाजीमहाराजांनी जिजाबाईंची तुला १६५३ मध्ये तेथेच केली. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा सेनाधिकारी साताऱ्याहून तेथे चढून गेला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना ती जागा आवडली आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींशी करार होऊन, खंडाळा हे गाव त्यांना देऊन, महाबळेश्वर कंपनी सरकारने घेतले. नव्या पेठेला नाव पडले माल्कमपेठ. ज्या छत्रपतींनी हा डोंगर दिला, त्यांना त्याच कंपनी सरकारने दहा वर्षांनी, १८३९ मध्ये पदच्युत केले व काशीला पाठविले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. संस्थानी मुलुखातील आपल्या वाचकांना या व्यवहाराची चव निराळी सांगावयास नको.

आणि त्या डोंगरावर रस्ते केले कोणी, बागा फुलविल्या कोणी? १८३४ च्या सुमारास तेथे एक तुरुंग बांधण्यात आला. त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवीत. आपल्या देशापासून हजारो मैलांवर आणून टाकलेल्या त्या माणसांनी महाबळेश्वरात रस्त्यांवर काम केले आणि भाजीपाल्याचे मळे उठविले. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आज स्ट्रॉबेरीचे दूध पिताना त्या परदेशी बंदिवानांची आठवण किती जणांना होत असेल? मी ज्या सहलीत होतो तिच्या कार्यक्रमात तर त्यांच्यासाठी पाच मिनिटेही नव्हती.

एकांगी बोलू नये. या गिरिस्थानांनी बरेच चांगलेही दिले आहे. पाचगणी वसविताना जॉन चेसन यांनी झाडे लावली आणि पुढे तेथे नामांकित शाळा निघाल्या. नेरळहून माथेरानला जाणारी एकवीस किलोमीटरांची चिमुकली रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. ती बांधवून घेतली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या मुंबईकराने, आणि पैसा पुरविला त्याच्या वडिलांनी, सर आदमजी यांनी. म्हणजे गिरिस्थानांच्या इतिहासात हिंदी माणसाचे कर्तृत्वही आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळेच तेथील हवा आणि झाडी टिकली, हेही खरे. मात्र याच बंदीने माणसाच्या खांद्यावरची पालखी आणि माणसाच्या हातातली रिक्षा टिकवून धरली, हे त्याच नाण्याचे दुसरे अंग आहे. झाडांना अभय मिळाले, त्याची किंमत काही माणसांच्या फुप्फुसांनी भरली. न्यायालयाने बोट ठेवले आहे ते या हिशेबावर.

आता आपल्याकडे वळू. जुन्या हैदराबाद संस्थानाशी नाते सांगणारे एक गिरिस्थान आजही आहे, ते म्हणजे वऱ्हाडातील चिखलदरा. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे जाण्यापूर्वी निजामाच्या अंमलात होता, आणि १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा ‘शोध’ लावणारा कॅप्टन रॉबिन्सन हा हैदराबाद पलटणीचाच अधिकारी. शेजारी गाविलगडचा किल्ला, भोवती कोरकूंची वस्ती, आणि माहितीपुस्तकात नाव मात्र रॉबिन्सनचे. येथेही तीच तऱ्हा.

आदिलाबादला मात्र गिरिस्थान झाले नाही. डोंगर तेवढे उंच नव्हते, रान हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते, आणि संस्थानातील श्रीमंतांना उन्हाळ्यासाठी उटी होती. पण साहेबी बंगले आले नाहीत म्हणून तो डोंगर सुखात राहिला, असे नाही. सरकारी जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि गोंड व कोलाम यांची फिरती शेती गुन्हा ठरली. रस्ते आणि रेल्वे आल्यावर खालच्या मुलुखातून शेतकरी, व्यापारी, सावकार चढून आले आणि सुपीक खोऱ्यांतल्या जमिनी हळूहळू त्यांच्या नावावर गेल्या. या आलेल्यांत तेलुगू होते, तसे मराठीही होते. आपण मराठी वाचकांनी ही गोष्ट विसरून चालणार नाही. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याची मागणी बारा गावांच्या जमिनीची आणि रानावरच्या हक्काची होती.

त्या गोळीबारानंतर संस्थानचे सरकार जागे झाले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. ते व त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले. डोंगरावर येणारा परदेशी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टेकडीच्या कड्यावरचा बंगला येतो. हे जोडपे गावात, गोंडांच्या शेजारी राहिले. त्यांच्या पाहणीतून जमिनीचे पट्टे देण्याचे काम निघाले, शाळा निघाल्या, आणि मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या, पण त्यांना मूठमाती मारलवाईला देण्यात आली. पतीचे अवशेषही पुढे २०१२ मध्ये त्यांच्या शेजारी ठेवण्यात आले. महाबळेश्वरच्या टोकांना दिलेली नावे तेथे राहणाऱ्यांना विचारून दिलेली नव्हती. मारलवाईतल्या या दोन समाध्या गावाने जपल्या आहेत आणि दरवर्षी जानेवारीत गाव तेथे जमते. पाहुण्याने डोंगरावर कसे यावे, याचा एवढा चांगला धडा दुसऱ्या कोठे मिळणार?

याच कामात एक मराठी नावही आहे, आणि ते आपण अभिमानाने घ्यावे. सेतुमाधवराव पगडी यांना आपण इतिहाससंशोधक म्हणून ओळखतो. पण हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंडांत वावरले, गोंडी भाषा शिकले आणि तिचे व्याकरण त्यांनी लिहिले. हुद्देदार माणूस प्रजेची भाषा शिकतो ती बहुधा हुकूम सोडण्यापुरती. पगडींनी ती व्याकरणापर्यंत नेली. आजच्या सहलीच्या मार्गदर्शकाला गोंडीतले ‘पाणी द्या’ एवढे तरी म्हणता येते का, हे ज्याने त्याने विचारून पाहावे.

आता वर्तमानाकडे येतो. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. उटनूर, इंद्रवेल्ली, केसलापूर आदिलाबादेत राहिले. जोडेघाट आणि मारलवाई कोमरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात गेले. जोडेघाटला स्मारक आणि आदिवासी संग्रहालय उभे राहिले. कडेम नदीवरचा कुंतलाचा धबधबा पाहण्यास पावसाळ्यात झुंबड उडते. दिवाळीत दंडारी निघते, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात, आणि आता ते पाहण्यास कॅमेरे घेऊन माणसे येतात. गुसाडी नाचाचे गुरू कनकराजू हे मारलवाईचेच. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये ते निवर्तले. ओझा कारागिरांच्या ओतीव पितळी कामाला, आदिलाबादच्या डोकरा कलेला, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सहलवाल्याला आणखी काय हवे? धबधबा आहे, नाच आहे, हस्तकला आहे, हुतात्म्याचे स्मारक आहे. कार्यक्रमपत्रिका आपोआप तयार होते.

परंतु याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडली. ३० मे २०२५ रोजी तेलंगण सरकारने शासन आदेश क्रमांक ४९ काढला. कवाल आणि ताडोबा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे सुमारे दीड लाख हेक्टर रान संवर्धन राखीव म्हणून त्याने जाहीर केले, आणि त्या राखीव रानाला नाव दिले कोमरम भीमाचे. राखीव जंगलाच्या हद्दीविरुद्ध ज्याने प्राण दिला, त्याचेच नाव राखीव जंगलाला! आदिवासींनी विरोध केला, बंद पाळले, आणि जुलैमध्ये सरकारने तो आदेश स्थगित ठेवला. वाघाला वाट हवी, यात मला शंका नाही. ताडोब्याचे वाघ प्राणहितेच्या काठाने या रानात उतरतात आणि त्यांना जाण्यायेण्यास रान अखंड असणे अवश्य आहे. वाद वाघाशी नाही. ज्या गावांमधून ही वाट जाणार, त्यांना आधी विचारले का, एवढाच प्रश्न आहे. १८५० च्या मॅलेटसाहेबाला तो प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. २०२५ च्या लोकनियुक्त सरकारला तो पडावयास हवा होता.

सहलीचा प्रश्नही असाच आहे. येथे आदिलाबादजवळ एक हत्यार आहे, जे महाबळेश्वरच्या रहिवाशांजवळ कधीच नव्हते. हा पाचव्या अनुसूचीतील प्रदेश आहे. १९५९ च्या जमीन हस्तांतरण नियमाने आणि त्यातील १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास मनाई केली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या भागातील साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे माल्कमपेठ जशी वसली, तशी पेठ येथे कायद्याने वसू शकत नाही. आडवाटा असतातच. दुसऱ्याच्या नावाने घेतलेली जमीन आणि कागदावरची भागीदारी आपल्याला नवी नाही. साताऱ्याकडे २३५ गावांतून नवे महाबळेश्वर वसविण्याचा आराखडा निघालेला असताना, गिरिस्थानांची भूक भागली आहे असे मानण्यास आधार नाही. म्हणून कायदा आहे तेवढ्याने निश्चिंत होऊ नये, एवढेच.

मग सहली काढूच नयेत काय? मी असे म्हणणार नाही. हैदराबादच्या आणि नांदेडच्या मुलांनी आदिलाबादचे डोंगर पाहिलेच पाहिजेत. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलुखात गेले, तरी डोंगर काही दुभंगला नाही. दोन्हीकडच्या गोंडांचे सोयरसंबंध आणि दैवते एकच आहेत. प्रश्न एवढाच, की दाखविणारा कोण आणि तो गोष्ट कोठून सुरू करणार.

आणि गंमत अशी, की या डोंगरांत दाखविण्याची एक जुनी, सिद्ध परंपरा आहे. केसलापूरच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. तीपूर्वी मेश्राम कुळीची माणसे झारी घेऊन, अनवाणी पायांनी, गावोगाव मुक्काम करीत गोदावरीवर जातात आणि तेथले पाणी घेऊन परत येतात. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, इंद्रवेल्लीला इंद्राईचे दर्शन ठरलेले, केसलापुरात वडाखालचा तळही ठरलेला. कुळीत नव्याने आलेल्या सुनांना देवाच्या भेटीला नेतात. त्या रिवाजाला भेटिंग म्हणतात. १९४२ मध्ये हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने याच जत्रेत दरबार सुरू झाला. गोंडांनी अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडावीत, हा त्यामागचा हेतू. तो दरबार अजून भरतो. नागोबाचे नवे दगडी देऊळ मेश्राम कुळीने आपसांत वर्गणी करून बांधले आणि २०२२ मध्ये त्यात देवाची प्रतिष्ठापना झाली.

या साऱ्याचा निवेदक आहे प्रधान. गोंडांचा हा परंपरागत भाट किकरी वाजवून कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गातो. आदिलाबादच्या प्रधानांविषयी एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या घरातली बोली मराठी आणि त्यांचे गाणे गोंडी. दोन भाषांमध्ये एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभा असलेला हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगराचा मार्गदर्शक आहे. मराठी पाहुण्याला डोंगर दाखविण्यास याच्याहून लायक माणूस शोधूनही सापडणार नाही. शहरातून तयार पाठ केलेला गडी आणण्याचे कारणच काय?

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आदिलाबादच्या सहलींचे परवाने आणि आराखडे देताना तीन अटी घालाव्यात. गावात पाहुणा न्यावयाचा तो ग्रामसभेच्या संमतीने. मार्गदर्शक गोंड, कोलाम, प्रधान वा तोटी समाजातील असावा आणि त्याला त्याच्या कामाचा मोबदला ठरावीक व रोख मिळावा. आणि जोडेघाटचे रणकंदन सांगताना इंद्रवेल्लीही सांगावी, जिथे २० एप्रिल १९८१ रोजी, स्वतंत्र भारतात, पोलिसांच्या गोळीबारात सरकारी आकड्याप्रमाणेच तेरा आदिवासी पडले. निजामाच्या गोळ्या सांगावयाच्या आणि आपल्या गाळावयाच्या, ही सहल वारशाची होणार नाही. या अटी सरकारला जड वाटू नयेत. उटनूरला आदिवासी विकासाचे कार्यालय आहे, कायदा हाताशी आहे, माणसे गावात आहेत.

माथेरानच्या ९४ रिक्षावाल्यांना न्याय मिळण्यास पावणेदोनशे वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जावे लागले. तेथे पालखी आधी आली आणि प्रश्न शेवटी विचारला गेला. आदिलाबादेत अजून पालखी उचललेली नाही. तोवरच कोणी उचलावयाची, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने, हे विचारून घेतले, तर पुढल्या पिढीला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.